सडा, पुळण आणि पाखाडी : दक्षिण कोकणातील पायवाटांचा आढावा

महाराष्ट्रातील पायी भ्रमंतीविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग सह्याद्रीचे कडे, गिरिदुर्ग आणि देशावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा यांच्याभोवती फिरतो. चढाईचा कस, इतिहासाची ओढ आणि माथ्यावरून दिसणारा विस्तार या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र भेटत असल्याने हे स्वाभाविकही आहे. मात्र घाटाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची जी साधारण ४० ते ६० किलोमीटर रुंदीची उतरती, सौम्य, माणसांनी भरलेली पट्टी आहे, तिच्यातील वाटांकडे या लेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे आणि त्यांना लागून असलेला गोवा, एवढ्या प्रदेशातील किनारी वाटा आणि रानवाटा हा या लेखाचा विषय आहे. दोर लावावा असा कडा येथे बहुतेक ठिकाणी नाही, आणि दिवसभर चालूनही मनुष्यवस्ती दृष्टीआड होत नाही. वाटेचा कठीण भाग म्हणजे एखादी घाटी, म्हणजे वाडीतून सड्यावर नेणारी तीव्र चढण, किंवा भरतीच्या वेळी अडवणारी खाडी. या प्रदेशात चालण्याच्या वाटा नव्याने आखण्याची गरज फार थोडी आहे, कारण त्या शतकानुशतके अस्तित्वात आहेत. त्यांची नोंद, त्यांवरील हक्क आणि त्यांची डागडुजी हा खरा प्रश्न आहे, आणि तो डोंगरवाटांच्या प्रश्नापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे.

या वाटांचे स्वरूप समजण्यासाठी आधी भूमीची घडण पाहावी लागते. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात खडकातील सिलिका दीर्घकाळ झिरपून वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली की जो तांबडा, सच्छिद्र खडक तयार होतो त्याला जांभा म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात आणि सिंधुदुर्गाच्या उत्तर भागात दख्खनच्या बेसाल्टवर या जांभ्याचा जाड थर पसरलेला आहे. दक्षिणेकडे सरकावे तसे बेसाल्ट संपून त्याहून पुष्कळ जुने खडक उघडे पडू लागतात. जांभ्याचे वरून सपाट, जवळजवळ मातीविरहित असे जे विस्तीर्ण पठार तयार होते त्यास स्थानिक बोलीत सडा म्हणतात. नद्यांनी हे सडे कापून खोल दऱ्या केल्या आहेत आणि त्या दऱ्यांच्या मुखांत समुद्र आत शिरून खाड्या झाल्या आहेत. दोन खाड्यांच्या मधोमध सड्याचे टोक समुद्रात घुसते आणि दोन टोकांच्या कुशीत वाळूची पुळण पसरते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या पदयात्रिकाला त्यामुळे एकच क्रम वारंवार भेटतो : पुळण, खडपे (किनाऱ्यावरचे खडक), घाटी, सडा, पुन्हा घाटी, वाडी, खाडी, आणि खाडीपलीकडे पुन्हा पुळण. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली आणि तेरेखोल या नद्यांच्या मुखांनी हा क्रम तोडला आहे, आणि किनाऱ्याने सलग चालू पाहणाऱ्याचे सारे नियोजन याच नऊ-दहा मुखांभोवती बेतावे लागते.

गावातील वाटांची रचना या भूमीशी घट्ट बांधलेली आहे. घरे आणि नारळ-पोफळीच्या बागा दरीच्या तळाशी पाण्याजवळ, भातमळे त्याहून किंचित सखल जागी, आणि गुरांची चरण, सरपण व पावसाळी नाचणी-वरीची शेती वर सड्याकडे, अशी मांडणी असल्यामुळे माणसांची रोजची ये-जा उभ्या दिशेने होत असे. त्यासाठी जांभ्याचे चिरे बसवून जी पायऱ्यांची वाट बांधली गेली तिला पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंनी कुंपण किंवा बांध असलेली, शेतांमधून जाणारी अरुंद वाट ती पाणंद. पऱ्या किंवा वहाळ ओलांडण्यासाठी लाकडांचा अथवा पोफळीच्या खोडांचा घातलेला पूल तो साकव. चुन्यामातीशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून केलेली भिंत तो गडगा. आणि खाडीपार नेणाऱ्या होडीची ठरलेली जागा ती तर. या पाच गोष्टी मिळून कोकणातील चालण्याचे जाळे पूर्ण होते.

यांपैकी पाखाडीची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. खाणीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो की हत्याराने त्याला हवा तसा आकार देता येतो, आणि हवा लागल्यावर तो कठीण होत जातो. त्यामुळे गावातल्याच चिऱ्याने, गावातल्याच हातांनी पायऱ्या बसवणे शक्य झाले. जुन्या पाखाडीच्या पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद असतात, कारण त्या डोक्यावर भारा घेतलेल्या माणसासाठी घातलेल्या असतात : भार घेऊन चालणाऱ्याला गुडघा फार उचलावा लागू नये आणि एका पायरीवर दोन पावले टाकून दम घेता यावा हा त्यामागचा हिशेब आहे. चिऱ्यांच्या सांध्यांतून पाणी मुरते आणि उरलेले कडेच्या गडग्यालगत वाहून जाते. पावसाळ्यात या पायऱ्यांवर शेवाळ धरते व त्या निसरड्या होतात हे खरे. पण खडबडीत जांभ्यावर ते खरवडून काढता येते, आणि वापरातली पाखाडी पायांनीच घासून स्वच्छ राहते. तिची देखभाल वापरावर अवलंबून असणे हे तिचे बळ आहे आणि आजच्या काळात हीच तिची सर्वांत मोठी दुर्बलताही ठरली आहे.

या स्थानिक जाळ्यावर दूरच्या व्यापाराचे मार्ग उभे होते. बंदरांतून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि परदेशी माल घाट चढून देशावर जाई आणि तिकडून धान्य, गूळ, कापड खाली येई. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, फोंडा आणि रामघाट ही या वाहतुकीची काही द्वारे होत. अणुस्कुऱ्याच्या जुन्या वाटेवर दगडी फरसबंदी आजही दिसते, आणि वेंगुर्ल्याच्या बंदराला बेळगावशी जोडणारा रामघाट हा आंबोलीचा रस्ता होण्यापूर्वीचा मोठा मार्ग होता. पुढे गाडीरस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि बैलांचे तांडे ज्या वाटांनी जात त्या वाटा रानाने परत घेतल्या. घाटवाटांना निदान गिर्यारोहकांनी पुन्हा जाग आणली. घाटाखालच्या, बंदरापर्यंतच्या पट्ट्यातील वाटांना असा वाली मिळाला नाही.

किनारी वाटांचा विचार करताना पहिला मुद्दा भरती-ओहोटीचा येतो. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते व त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वाधिक, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ती सर्वांत कमी असते. पुळणीवर चालण्याजोगी असते ती ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळूची पट्टी; वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो आणि अंतर दुप्पट झाल्यासारखे वाटते. खडपांवरून एका पुळणीतून दुसरीत जाण्याची वाटही ओहोटीतच मिळते आणि भरतीला ती बंद होऊन सड्यावर चढावे लागते. म्हणजे किनाऱ्याला एकाच वेळी दोन वाटा असतात, एक पाण्यालगतची आणि एक माथ्यावरची, आणि त्यांपैकी कोणती खुली आहे हे चंद्र ठरवतो. पंचांगातील तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची रीत कोळी-गाबित समाजात आजही प्रचलित आहे आणि किनाऱ्याने चालणाऱ्याने ती अवगत करून घेणे छापील कोष्टक जवळ बाळगण्याइतकेच उपयोगाचे आहे.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील पट्टा सर्वांत सुलभ आहे. सावित्रीच्या मुखावरील बाणकोटपासून वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे आणि लाडघर अशी पुळणींची माळ लागते व मध्ये भारजा आणि जोग या नद्यांची लहान मुखे येतात. नाना फडणविसांचे गाव असलेले वेळास आता ऑलिव्ह रिडले कासवांमुळे अधिक ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास येथे संवर्धन सुरू केले; अंडी सुरक्षित कुंपणात हलवून पिले बाहेर पडताच समुद्रात सोडण्याची पद्धत ग्रामस्थांच्या मदतीने रुजली आणि ती किनाऱ्यावरील इतर गावांत पसरली. चालणाऱ्यांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. विणीच्या काळात रात्री पुळणीवर दिवे घेऊन फिरणे मादीला परत फिरवते, म्हणून डिसेंबर ते एप्रिल या पदभ्रमणाच्या नेमक्या हंगामात अशा किनाऱ्यांवर सूर्यास्तानंतर चालणे वर्ज्य मानले पाहिजे. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथेही हीच मर्यादा लागू होते.

दक्षिणेला कर्लीच्या मुखाजवळचा पट्टा लांबीने थोडा असला तरी किनाऱ्याचे सारे घटक त्यात एकवटले आहेत. तारकर्लीपासून नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जी जीभ निमुळती होत जाते तिच्या टोकाशी देवबाग आहे. तेथून होडीने मुख ओलांडले की भोगव्याची लांब पुळण लागते. पुळण संपते तेथे टेकाड पुढे येते आणि त्याच्या माथ्यावर निवतीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पुळणीवरून चढणारी वाट झाडीतून किल्ल्यात शिरते, तेथून उत्तरेला भोगवे आणि दक्षिणेला निवतीची पुळण दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांवरील दीपगृहही दिसते. खाली निवतीला होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी वाळत असतात, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, लागलेली असेल तर वाट काही काळ दोरांनी अडलेली असते. चालणाऱ्याने येथे थांबायचे असते किंवा वरून वळसा घ्यायचा असतो, कारण पुळण हे प्रथम कामाचे ठिकाण आहे. किनारी पर्यटनाच्या आराखड्यांत पुळणीचे हे रूप जवळजवळ गाळलेले असते आणि त्यातूनच पुढे मच्छीमार व पर्यटन व्यावसायिक यांच्यात वाद उभे राहतात.

सड्यांवरच्या वाटा या प्रदेशाचे खास वैशिष्ट्य आहेत. उन्हाळ्यात करपलेला, ओसाड वाटणारा कातळ पहिल्या पावसानंतर उथळ तळ्यांनी भरतो, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्यावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांसारख्या वनस्पतींचे गालिचे पसरतात. यांपैकी सीतेची आसवे ही कीटकभक्षी आहे, कारण मातीचा थर बोटभरही नसलेल्या जागी नत्र मिळवण्याचा तो एक मार्ग आहे. काळ्या पडलेल्या कातळावर पायांनी घासून तांबूस झालेली रेघ हीच येथील वाट, आणि ती सोडून ओल्या जागेत पाय टाकणे म्हणजे वर्षातून काही आठवडेच जगणारी वस्ती तुडवणे होय. याच सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील, कुडोपी हे सिंधुदुर्गातील आणि फणसायमाळ हे गोव्यातील, अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या रेषांच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. या कातळशिल्पांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेण्याकडे अभ्यासकांचा कल असला तरी त्याबाबत एकमत नाही. ही शिल्पे उजेडात आली ती मुख्यतः गुराख्यांच्या आणि ग्रामस्थांच्या ओळखीतून, म्हणजे जे लोक सडा पायी ओलांडत त्यांच्याकडून, ही गोष्ट वाटांच्या महत्त्वाविषयी पुष्कळ सांगून जाते. महसुली दप्तरात मात्र सड्याची नोंद पडीक किंवा पोटखराब, म्हणजे लागवडीस निरुपयोगी, अशी असते आणि निरुपयोगी ठरलेल्या जमिनीवर प्रकल्प आणणे सोपे जाते. बारसूच्या सड्यावरील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध २०२३ मध्ये जे आंदोलन झाले त्यात कातळशिल्पांचा प्रश्न पुढे आला होता.

रानवाटांचे दोन प्रकार मानावे लागतात. पहिला प्रकार गावाच्या शिवारातील देवरायांचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यांना देवरहाटी असेही म्हणतात. ग्रामदेवतेच्या नावे राखलेल्या या वनखंडांत फांदी तोडायची नाही, काटकी न्यायची नाही, पुष्कळ ठिकाणी पायताण घालून शिरायचे नाही, असे दंडक आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला त्यामुळे या व्यवस्थेचे पर्यावरणीय मोल शास्त्रीय जगासमोर आले. देवराईतील वाट प्रायः देवळापाशी संपते. तिला पलीकडे जाणारी वाट करणे, आणि तीही परक्यांसाठी, हा त्या गावाच्या श्रद्धेत हस्तक्षेप ठरतो, म्हणून पदभ्रमण मार्ग देवरायांच्या कडेने नेणे आणि आत शिरण्याचा निर्णय मानकऱ्यांवर व गावावर सोपवणे हेच उचित आहे. धामापूरचा १५३० साली बांधलेला तलाव, त्याच्या काठचे भगवतीचे देऊळ आणि भोवतीची गर्द झाडी हे पाणी, देव आणि रान यांच्या अशा एकत्र रक्षणाचे मोठे उदाहरण आहे; २०२० मध्ये या तलावाला जागतिक सिंचन वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

दुसरा प्रकार घाटाच्या कुशीतील सलग अरण्याचा. आंबोली, तिलारी, गोव्यातील म्हादई, नेत्रावळी आणि खोतीगाव हा पट्टा एकमेकांशी जोडलेल्या रानांचा आहे. आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथील वाटांवर ककणेर म्हणजे धनेश पक्षी, शेकरू, गवे यांची भेट सहज होते, आणि २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा दोडामार्ग तालुक्यात वावर आहे. अभयारण्यात शिरण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनखात्याची परवानगी लागते, आणि ही अट चालणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. आणखी एक धोका आरोग्याचा आहे. माकडताप हा गोचिडीतून पसरणारा विषाणुजन्य आजार २०१६ पासून दोडामार्ग-बांदा परिसरात दिसू लागला आणि त्याचा जोर हिवाळ्याच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे चालण्याच्या हंगामातच, असतो. पाचोळ्यात न बसणे, पाय पूर्ण झाकणे, परतल्यावर अंग तपासणे आणि मेलेले माकड दिसल्यास आरोग्य केंद्राला कळवणे ही सावधगिरी या पट्ट्यातील प्रत्येक मार्गपत्रकात ठळकपणे असायला हवी.

गोव्यात आणखी एक वेगळी वाट भेटते, ती खाजनांच्या बांधांवरची. खाडीकाठच्या दलदलीला मातीचे बांध घालून, त्यांत मानस म्हणजे भरतीला मिटणारी व ओहोटीला उघडणारी झडप बसवून, आत भातशेती आणि मत्स्यशेती करण्याची ही प्राचीन व्यवस्था आहे. तिची देखरेख पूर्वी गावकारी या ग्रामसंस्थेकडे होती. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद हे नाव रूढ झाले, आणि मुक्तीनंतर कूळकायद्याच्या काळात ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. बांध हीच येथील पायवाट असल्याने बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते, कांदळवन वाढते आणि वाटही जाते. वाट आणि उत्पादन यांचे भवितव्य इतके एक असलेले दुसरे उदाहरण या किनाऱ्यावर नाही.

आता हक्काचा प्रश्न. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा आणि भरतीरेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे; सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ च्या कमलनाथ खटल्यात समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती शासन जनतेची विश्वस्त म्हणून धारण करते हे तत्त्व मान्य केले. ओल्या वाळूवर चालणाऱ्याला म्हणून कोणी अडवू शकत नाही. अडचण भरतीरेषेच्या वर सुरू होते. गावनकाशात तुटक रेघेने दाखवलेली वाट सार्वजनिक मानली जाते, परंतु पाखाड्या आणि सड्यावरच्या वाटा पुष्कळदा नकाशात नसतातच आणि खाजगी जमिनीतून केवळ वहिवाटीने चालत आलेल्या असतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर अधिकार मिळतो, पण तो मिळतो लगतच्या जमीनधारकाला. रूढीने गावाला मिळणारा अधिकारही त्या गावच्या लोकांपुरता असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडवलेली वाट खुली करून घेता येते किंवा संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, तोही शेतकऱ्यालाच. गावाबाहेरून आलेल्या पदयात्रिकाला या साऱ्या व्यवस्थेत स्थान नाही. तो चालतो ते गावाच्या सौजन्यावर.

हे सौजन्य अजून टिकून आहे, पण वाटा आक्रसत आहेत. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली आणि उतारांवर व सड्यांवर हापूसची कलमे व काजू लागले. या योजनेने असंख्य कुटुंबांना स्थैर्य दिले आणि तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु बागेला गुरे, माकडे आणि चोर यांच्यापासून राखण्यासाठी चिऱ्याचे कुंपण आले, आणि जुनी वाट अनेकदा त्या कुंपणाच्या आत गेली. वाटेवरून जाणारे शेजारीच मुंबईला स्थायिक झालेले असल्याने हरकत घ्यायलाही कोणी उरले नाही. मुंबईत गेलेल्या मालकांच्या, अनेक वारसांत विभागलेल्या जमिनी आता बाहेरच्या खरेदीदारांकडे जात आहेत आणि तेथे कुंपणाबरोबर फाटकही येते. खाड्यांवर पूल झाले की होडीच्या तरी बंद पडतात, मग मुखाशी पाच मिनिटांत पार होणारे अंतर चालणाऱ्याला पुलापर्यंत वळसा घालून कापावे लागते. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आखणीत पादचाऱ्याचा विचार होणे म्हणूनच आवश्यक आहे. जेथे समुद्र पुळण खात आहे तेथे घातलेले धूपप्रतिबंधक बंधारे पुळणीवर उतरण्याची वाट तोडतात, ही तक्रार मच्छीमारांचीही आहे.

अन्य देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. फ्रान्सने ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनींवर तीन मीटर रुंदीच्या पट्टीत पादचाऱ्यांचा जाण्याचा हक्क लादला, मात्र आधीपासूनच्या निवासी घरांपासून १५ मीटरच्या आतील जागा त्यातून सामान्यतः वगळली. वेल्सने २०१२ मध्ये सुमारे १,४०० किलोमीटरची सलग किनारवाट खुली केली. इंग्लंडच्या २००९ च्या कायद्यात एक दूरदर्शी तरतूद आहे : किनारा खचून मागे सरकला तर वाटही त्याच्याबरोबर आत सरकते आणि नव्याने हक्क मागावा लागत नाही. जपानने २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या ईशान्य किनाऱ्यावर सुमारे १,००० किलोमीटरचा मिचिनोकू मार्ग २०१९ मध्ये पूर्ण केला. दक्षिण कोरियातील जेजू बेटावर २००७ पासून घडलेला ओल्ले मार्ग कोकणाला सर्वांत जवळचा वाटतो. एका माजी महिला पत्रकाराच्या पुढाकाराने, शासनाच्या योजनेतून न येता, गावांच्या जुन्या वाटा, मळ्यांच्या दगडी भिंतींमधील गल्ल्या आणि खडकाळ किनारा जोडून तो सिद्ध झाला, आणि त्याच्या खुणा म्हणून झाडांना बांधलेल्या निळ्या व नारिंगी फितींपलीकडे फारसे बांधकाम लागले नाही. युरोपीय पद्धतीचा कायदेशीर हक्क कोकणातील तुकड्या-तुकड्यांच्या मालकीत लगेच शक्य नाही, आणि घाईने लादला तर आज मिळणारे सौजन्यही नाहीसे होईल. गावागणिक ग्रामसभेने आपल्या वाटांची यादी व नकाशा करावा, जमीनधारकाने लेखी संमती द्यावी, आणि तिच्या बदल्यात कुंपणात माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत असे बेडे बसवून द्यावे, हा मार्ग अधिक टिकाऊ आहे.

अशा वाटांचा पैसा कसा फिरतो हेही महत्त्वाचे आहे. मोटारीने येणारा पर्यटक मोजक्या ठिकाणी थांबतो, तर चालणारा दर १५ किलोमीटरवर मुक्काम करतो, आणि तो मुक्काम निवास व न्याहारी योजनेतील घरात झाला तर उत्पन्न ज्या वाडीतून वाट जाते त्याच वाडीत राहते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवन दाखवण्याचा जो उपक्रम चालवला आहे त्यात तिवर, चिपी आणि खाडीतले पक्षी ओळखून देणाऱ्या स्त्रिया त्याच गावच्या आहेत. बंद पडलेल्या तरींपैकी काही या पद्धतीने हंगामापुरत्या पुन्हा चालू होऊ शकतात, कारण होड्या आहेत, हात आहेत, आणि प्रवाहाची जाणही अजून आहे.

डागडुजीच्या बाबतीत मात्र चालू रीत बदलावी लागेल. ग्रामपंचायतीच्या निधीतून पाखाडीचे काम निघाले की बहुधा जुने चिरे उखडून किंवा त्यांच्यावरच सिमेंट काँक्रीट ओतले जाते. ते पहिल्या वर्षी नीटनेटके दिसते. पुढे त्याखालून पाणी वाहू लागते, लादी पोकळ होऊन तडकते, आणि गुळगुळीत उतारावर शेवाळ धरल्यावर वृद्धांना चालणे अशक्य होते. कोरड्या रचाईची पाखाडी ढासळली तर दोन माणसे एका दिवसात निखळलेले चिरे पुन्हा बसवू शकतात. हे काम रोजगार हमीच्या मजुरीत बसवता येण्याजोगे आहे, त्यासाठीचा दगड जवळच्या खाणीत आहे, आणि गडगे रचणारे गवंडी गावोगाव अजून आहेत, जरी त्यांतील बहुतेक साठीच्या पुढे गेलेले आहेत. पावसाळ्यानंतर, भातकापणी आटोपल्यावर आणि आंब्याच्या मोहोराची राखण सुरू होण्यापूर्वी, कोकणात जे थोडे मोकळे आठवडे मिळतात ते या कामाचे. त्याच वेळी नवीन माणसे जुन्या गवंड्यांच्या हाताखाली घातली, तर वाट दुरुस्त होण्याबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही पुढच्या हातात जाईल.